पश्चिमेची खिडकी
(मंडळाच्या वर्धापनदिनी अकोला येथे दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाला पाहुणीला बोलावले की तिला सहसा 'स्त्री आणि समाज' असा एखादा ऐसपैस विषय देतात. असा विषय बोलणारीच्या सोयीचा असतो. कोठूनही आत शिरावे, कोठूनही बाहेर पडावे. आपल्या चिटणीसबाईंनी मला पत्र लिहिले त्यात विषय होता खिडकीच्या काचेचा, आणि पत्राच्या शेवटी सरळ प्रश्न होता : 'ही काच घ्यावी की न घ्यावी, एवढे सांगून जावे.' मी अमरावतीला पुष्कळ वर्षे पदार्थविज्ञान शिकवले, पण इतका नेमका प्रश्न मला कोणी विचारल्याचे आठवत नाही.

प्रश्नामागची हकीकत आपणा सर्वांना ठाऊक आहे. परंतु स्मरणिका बाहेरगावच्या भगिनीही वाचतील, म्हणून थोडक्यात सांगते. मंडळाचा हा हॉल पूर्वी कवेलूचा होता. पश्चिमेला पडवी होती आणि खिडक्यांना लाकडी झडपा होत्या. नव्या बांधकामात स्लॅब आला, पडवी गेली, आणि पश्चिमेच्या भिंतीला चार सरकत्या काचेच्या खिडक्या बसल्या. हॉल देखणा झाला, यात शंका नाही. याच हॉलमध्ये शिवणवर्ग चालतो. आपल्या विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडतात, तेव्हा गणवेशांचे बहुतेक काम मे आणि जूनमध्ये येते, आणि वर्गातल्या मुलींच्या वर्षाच्या कमाईतला मोठा वाटा त्या दोन महिन्यांचा असतो. गेल्या मे महिन्यात दुपारी एक ते पाच या हॉलमध्ये मशीनवर बसणे अशक्य झाले. दोघींना भोवळ आली. वर्ग दुपारचा बंद ठेवावा लागला, आणि एका शाळेचे काम हातचे गेले. पडदे ओढले तर सुईत दोरा ओवता येत नाही. पडदे सारले तर मशीनच्या लोखंडाला हात लावता येत नाही. तेव्हा एका सभासद भगिनीच्या चिरंजीवांनी सुचवले की, हवा तापली की आपोआप ऊन अडवणारी एक नवी काच निघाली आहे, तीच चारही खिडक्यांना बसवावी. त्यासाठी मंडळाची शिल्लक मोडावी लागेल. म्हणून हा प्रश्न.

अकोल्याच्या उन्हाविषयी अकोलेकरांना मी काय सांगावे? २०२० च्या मे महिन्यात येथे पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस तर उन्हासाठी जिल्ह्यात कलम १४४ लावण्यात आले, शिकवणी वर्गांच्या वेळा बदलायला लावल्या, आणि कामगारांसाठी पाण्याची व पंख्यांची सोय करण्याचे आदेश निघाले. जमावबंदीचे कलम दंग्यासाठी असते असे आम्ही लहानपणी समजत होतो. आता ते सूर्यनारायणासाठीही लागते. आम्ही अमरावतीकर आपल्यापेक्षा फार थंड आहोत असे नाही; चिखलदरा आमच्या जिल्ह्यात आहे एवढाच काय तो तोरा.

आता काचेकडे येते. मागे एप्रिल महिन्यात मी अकोल्याहून वाशीमला साध्या डब्यातून जात होते. दुपारचे चार वाजले असतील, आणि माझी खिडकी पश्चिमेची. झळा लागू नयेत म्हणून मी काच खाली ओढली. समोर बसलेल्या एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "बाई, काच नोको पाडू वं, ते झिलमिली पाड. ऊन तं काचीतूनच येते." त्या बाईंनी माझ्या विषयाचा पहिला धडा तीन सेकंदांत सांगून टाकला. काच वारा अडवते, धूळ अडवते, परंतु ऊन अडवीत नाही. साधी स्वच्छ काच उन्हाच्या उष्णतेचे शंभरातले सुमारे ऐंशी भाग आत सोडते. आत आलेले ऊन फरशीवर, टेबलावर, मशीनवर पडते, त्या वस्तू तापतात, आणि त्यांच्यापासून निघणारी ऊब मात्र निराळ्या जातीची असते. ती काचेतून सरळ बाहेर जाऊ शकत नाही. म्हणजे काच ही उन्हाला आत घेणारी आणि मग दाराला कडी लावणारी आहे.

थोडा हिशोब करू. आपल्या चार खिडक्यांचे मिळून सात चौरस मीटरांहून किंचित अधिक क्षेत्र होते. मी आत्ता टेपने मोजून पाहिले. मे महिन्यात चारच्या सुमारास पश्चिमेच्या भिंतीवर दर चौरस मीटरला पाचशे वॉटच्या आसपास ऊन पडते असे धरू. त्यातले ऐंशी टक्के आत आले म्हणजे जवळजवळ तीन हजार वॉट झाले. घरातली इस्त्री साधारण हजार वॉटची असते. तेव्हा शिवणवर्गाच्या मुलींच्या मध्ये तीन तापलेल्या इस्त्र्या कोणीतरी चार वाजता चालू करून ठेवतो, असे समजावे. पंखा फिरला तरी त्या इस्त्र्यांचीच हवा फिरवतो.

कोणी विचारील की पश्चिमच का? दक्षिणेच्या खिडकीचे काय? तर अकोल्याला मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, त्या दिवशी उभ्या काठीची सावली पडत नाही. अमरावतीला हा दिवस एक-दोन दिवसांनी येतो. इतक्या उंचावरच्या सूर्याला दक्षिणेच्या खिडकीवरचा वीतभर छज्जाही पुरतो. डिसेंबरात तोच सूर्य खाली उतरतो आणि छज्ज्याखालून आत डोकावतो, तेव्हा तो हवासाच असतो. दक्षिणेची खिडकी अशी आपोआपच शहाणी आहे. पश्चिमेचा सूर्य मात्र तिरपा, डोळ्यांच्या पातळीवर येतो. त्याला छज्जा पुरत नाही.

आता ती नवी काच. तिची हकीकत १९५९ साली अमेरिकेतल्या बेल टेलिफोन प्रयोगशाळेत सुरू होते. तेथे मॉरिन नावाचे शास्त्रज्ञ काही धातूंची ऑक्साइडे तपासत होते. त्यांत व्हॅनेडियम डायऑक्साइड हा पदार्थ असा आढळला की सुमारे ६८ अंशांपर्यंत तो विजेला फारशी वाट देत नाही, आणि ते तापमान ओलांडले की एकाएकी धातूसारखा वागू लागतो. आत काय घडते ते सांगायचे तर फुगडीची उपमा देते. थंड असताना व्हॅनेडियमचे अणू दोघी-दोघींनी हात धरावे तसे जोडीने असतात आणि त्यांचे इलेक्ट्रॉन त्या पकडीत अडकलेले असतात. तापले की हात सुटतात, आणि इलेक्ट्रॉन सगळ्या अंगणात मोकळे धावू लागतात. असे मोकळे इलेक्ट्रॉन अवरक्त किरणांना पलीकडे जाऊ देत नाहीत. अवरक्त म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, पण कातडीला जाणवणारे ऊन. जमिनीवर येणाऱ्या उन्हाची जवळपास अर्धी शक्ती या न दिसणाऱ्या किरणांत असते. दिसणारा उजेड मात्र या पदार्थाच्या पातळ लेपातून थंड असताना आणि तापल्यावर जवळजवळ सारखाच येतो.

यातली गंमत आपल्या ध्यानात आली असेल. आपल्या मुलींना हवा आहे उजेड, नको आहे उष्णता. आणि हा पदार्थ नेमका हाच भेद करतो, तोही बटणावाचून आणि विजेवाचून. म्हणून १९८० नंतरच्या काळात असल्या काचांविषयी फार आशा निर्माण झाली. 'स्मार्ट विंडो' हे नाव स्वीडनच्या ग्रँक्विस्ट यांनी त्याच सुमारास रूढ केले.

मग ती काच अजून घरोघर का नाही? पहिली अडचण ६८ अंशांची. उन्हात काच हवेपेक्षा जास्त तापते हे खरे, तरीही अकोल्यातही खिडकीची साधी काच ६८ अंशांपर्यंत क्वचितच जाईल. यावर उपाय निघाला. व्हॅनेडियमच्या शंभर अणूंमागे एखादा टंगस्टनचा अणू मिसळला की बदलाचे तापमान सुमारे वीस अंशांनी खाली येते. दोनेक मिसळले की ते नेहमीच्या हवेच्या जवळ येते. परंतु स्वयंपाकात मीठ वाढवून गोडी टिकत नाही तसे येथेही होते. टंगस्टन वाढवावे तसतसा थंड आणि तापलेल्या स्थितीतला फरक कमी होत जातो.

दुसरी अडचण रंगाची. हा लेप पिवळट-तपकिरी असतो. त्यातून येणारा उजेड कमी होतो, आणि शिवणवर्गाच्या दृष्टीने सांगायचे तर पांढरे कापड आणि मोतिया कापड यांतला फरक त्या उजेडात ओळखता येणार नाही. लेप पातळ केला तर उजेड वाढतो, पण ऊन अडवणे घटते. जाड केला तर उलट. गेली कित्येक वर्षे संशोधकांची सगळी झटापट या एका सौद्याशी चालली आहे. कोणी लेपाच्या वर-खाली दुसऱ्या पदार्थांचे थर देऊन चकाकीत वाया जाणारा उजेड वाचवतात. कोणी त्या पदार्थाचे अतिसूक्ष्म कण करून ते पारदर्शक प्लॅस्टिकच्या पापुद्र्यात विखरून टाकतात. सुधारणा झाली आहे. तरी चांगल्या नमुन्यांतही, थंड आणि तापलेल्या स्थितीत आत येणाऱ्या एकूण उन्हाचा फरक पुष्कळदा शंभरात दहा-पंधराच भरतो. आपल्या हिशोबात सांगायचे तर काच 'जागी' झाल्याने अर्ध्या इस्त्रीचीच बचत. शिवाय हवा आणि दमट यांनी हा पदार्थ हळूहळू निराळ्या ऑक्साइडात बदलतो आणि आपला गुण सोडतो, म्हणून त्याला झाकून ठेवावे लागते.

दुसऱ्या जातीची एक काच आहे, ती मला जास्त आवडते, कारण ती आपल्या स्वयंपाकघराच्या जवळची आहे. दोन काचांच्या मध्ये पाण्याने फुगलेला एक मऊ पदार्थ भरतात, त्याला हायड्रोजेल म्हणतात. साजूक तूप थंडीत थिजून पांढरे होते आणि उन्हाळ्यात पातळ व पारदर्शक होते, हे आपण पाहतोच. हे जेल याच्या बरोबर उलट. थंड असताना स्वच्छ, आणि तापले की दुधासारखे पांढरे. त्यातल्या एका प्रसिद्ध पदार्थाचा हा पालट सुमारे ३२ अंशांना होतो. पांढरे झाले की ते ऊन विखरून बाहेर परतवते, आणि आत येणारा उजेड मंद, पसरलेला येतो. सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली असे जेल भरलेली काच पुढे आणली. या जातीत उन्हातला फरक पहिल्या जातीपेक्षा पुष्कळ मोठा पडतो. दोष असा की त्यात पाणी आहे. कडा नीट बंद नसल्या तर ते सुकते. थंड देशांत ते गोठण्याची भीती. ती चिंता आपल्याला नाही.

परंतु ३२ अंश हा आकडा वऱ्हाडात धरून पाहा. एप्रिल-मेमध्ये रात्र पडली तरी पारा पुष्कळदा तिशीच्या आसपास रेंगाळतो. म्हणजे सूर्य वर आला की ही काच दुधाळ होणार, ती दिवसभर तशीच राहून मध्यरात्रीपर्यंत दुधाळच. दोन महिने खिडकीतून रस्ता दिसणार नाही, अंगणातले मूल दिसणार नाही. ज्या प्रयोगशाळेत हा आकडा सोयीचा ठरतो तेथले हवामान निराळे आणि माणसेही निराळी. आपल्याकडे तो आकडा चाळिशीच्या जवळ हवा, असे माझे मत आहे, आणि तसे बदल करता येतात.

आणि मुळातच एक शंका मला पडते, ती मोकळेपणाने मांडते. आपोआप बदलणाऱ्या काचेचे खरे मोल कोठे? जेथे हिवाळ्यात खिडकीतले ऊन पैशासारखे मोलाचे, आणि उन्हाळ्यात तेच नकोसे, तेथे. दिल्लीला, त्याहून अधिक युरोपात. आपल्या अकोल्यात पौषातली पहाट दहा-बारा अंशांची असते, क्वचित त्याखाली. पण नऊ वाजले की आपण पाट घेऊन अंगणात ऊन खायला बसतो. घर तापवण्याची शेगडी येथे कोणी विकत घेत नाही. मग ज्या गावात आठ-नऊ महिने ऊन अडवायचेच आहे, तेथे काचेला हुशार असण्याची गरज किती? चांदीचा अगदी पातळ लेप दिलेली, बाराही महिने अवरक्त किरण परतवणारी काच बाजारात मिळते. तिला बदलता येत नाही, पण आपल्याला बदल फारसा नकोच आहे.

येथे एक घरची गोष्ट. माझ्या अमरावतीच्या घरी पश्चिमेला मोठी एकसंध काच आहे. एका दुकानदाराच्या सांगण्यावरून तिला मी आतून काळी फिल्म लावली. खोली अंधारली, म्हणून गारवा आला असे मला पहिल्या वर्षी वाटले. डोळे अशी फसवणूक करतात. काचेला हात लावून पाहिला तेव्हा चटका बसला. काळी फिल्म ऊन परतवीत नव्हती, पिऊन घेत होती. तापलेली काच मग रात्रीपर्यंत मला शेकत होती. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात दुपारी फटाक्यासारखा आवाज झाला आणि काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकली. मधला भाग तापलेला, चौकटीतली कड त्या मानाने थंड. साध्या काचेला तो ताण सोसला नाही. पदार्थविज्ञान शिकवणारीने हे आधी ओळखायला हवे होते, असे आपण म्हणाल. माझ्या सूनबाईही तेच म्हणाल्या.

पडद्याचेही तसेच आहे. आतल्या बाजूचा पडदा ऊन घरात घेऊन मग अडवतो. तीच चटई बाहेरून टांगली तर ऊन काचेपर्यंतच पोचत नाही. बाहेरची झिलमिली किंवा बांबूची चिक उन्हाच्या उष्णतेचे तीन-चतुर्थांशापर्यंत भाग अडवू शकते. वर सांगितलेली कोणतीही लेपाची काच नुसत्या बदलाने इतके काम आज करीत नाही.

वाळ्याच्या ताट्यांची आठवण आपल्यातल्या ज्येष्ठ भगिनींना येत असेल. दारा-खिडक्यांना ताट्या लावायच्या आणि त्यांवर पाणी मारायचे. आपली मे महिन्यातली हवा इतकी कोरडी की पाणी पटापट उडते आणि आत येणारी झुळूक गार होते. कूलर हे त्याच ताट्यांना पंखा लावलेले रूप. पण पहिला पाऊस पडला की हवा दमट होते आणि ती करामत संपते. आणि पाणी? खारपाणपट्ट्यातल्या गावांत कूलरच्या गवतावर पांढरे क्षार चढतात आणि एका हंगामात गवत कडक होते, हे आपण पाहिले आहे. ज्या गावात पिण्याच्या पाण्याची पाळी ठरलेली असते तेथे कूलरला बादल्या ओतताना हात कचरतो. म्हणून ऊन खिडकीतच अडवणे हे पाणी वाचवणेही आहे.

जुन्या घरांचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. जाड मातीच्या भिंती, धाब्याचे छत, लहान झरोके यांनी दुपार गार राहत असे हे खरे. पण त्या गारव्याखाली अंधारी, धुराने भरलेली स्वयंपाकघरे होती आणि त्यांत आपल्या आज्या-पणज्यांनी डोळे घालवले. उजेड मागणे हा चैनीचा प्रश्न नव्हे. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ साली राहत्या घरांसाठी 'इको निवास संहिता' केली, तिच्यात हे दोन्ही धरले आहे. भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला दर चौरस मीटरला १५ वॉटची मर्यादा घातली. आणि भिंतीचा तीस टक्क्यांपर्यंत भाग खिडक्यांचा असेल तर काचेतून उजेडाचे शंभरातले निदान २७ भाग आत आलेच पाहिजेत, असेही म्हटले. काळी काच लावून उष्णतेचा आकडा गाठणाऱ्यांना ती दुसरी अट आडवी येते. ज्याने कोणी ती लिहिली त्याने अंधाऱ्या खोलीत कधी तांदूळ निवडले असावेत.

तेव्हा चिटणीसबाईंच्या प्रश्नाचे उत्तर. माझ्या मते ही काच आत्ता घेऊ नये. शिल्लक मोडून तर नाहीच. ती काच वाईट आहे म्हणून नव्हे. तिच्यावर अजून काम चालू आहे, आणि ते काम आपल्या हवामानाला धरून होण्याची वाट पाहणे आपल्याला परवडते. मुलींना मात्र पुढचा मे परवडत नाही. पश्चिमेच्या चारही खिडक्यांना बाहेरून, काचेपासून वीतभर अंतर सोडून, बांबूच्या चिका टांगाव्यात. त्या वरून खाली सोडता येतील आणि पाच वाजून गेल्यावर गुंडाळता येतील अशा असाव्यात. पुढे पैसे जमले की त्या जागी लाकडी झिलमिल्या कराव्यात, आणि जमलेच तर पडवी परत आणावी. रात्री मात्र सरकत्या खिडक्या पूर्ण उघडाव्यात. त्या अर्ध्याच उघडतात हा त्यांचा दोष आहे, पण अर्ध्या तरी उघडाव्यात. कोणतीही हुशार काच रात्रीचा वारा आत घेऊ शकत नाही.

चिका सोडल्यावर उजेडाचे काय, हा प्रश्न राहतोच. मी हॉल फिरून पाहिला. उत्तरेच्या भिंतीला दोन चांगल्या खिडक्या आहेत. उत्तरेचा उजेड दिवसभर स्थिर असतो, त्यात सावल्या नाचत नाहीत, म्हणून चित्रकार तो मागून घेतात. शिवणकामाला त्याहून चांगला उजेड नाही. त्या दोन्ही खिडक्यांना आज कपाटे टेकवलेली आहेत. एकात ढाली आणि करंडक आहेत, दुसऱ्यात मागच्या स्मरणिकांचे गठ्ठे. कपाटे दक्षिणेच्या भिंतीला न्यावीत आणि मशीन उत्तरेला घ्यावीत.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नये. बाजारातून दोन साधे तापमापक आणावेत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फक्त दोन खिडक्यांना चिका लावाव्यात, दोन मोकळ्या ठेवाव्यात, आणि रोज चार वाजता चारही खिडक्यांच्या आतल्या बाजूला, सावलीत, हातभर अंतरावर आकडे घेऊन वहीत लिहावेत. शिवणवर्गातल्या मुलींनीच लिहावेत. पंधरा दिवसांची वही मला अमरावतीला पाठवावी. माझा अंदाज चुकला तर मी पुन्हा येऊन तसे सांगेन, आणि येण्याजाण्याचा खर्च माझा राहील.